कुत्र्याचा कान पुन्हा पुन्हा का वाहतो? तेल किंवा थेंब घालण्याआधी काय पाहावे

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील एका श्वानपालक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या चार वर्षांच्या लॅब्रॅडॉरचा उजवा कान पावसाळा सुरू झाला की वाहू लागतो, औषधाच्या दुकानातून आणलेल्या थेंबांनी तो आठवडाभरात बरा झाल्यासारखा वाटतो आणि थेंब बंद केल्यावर काही दिवसांतच पुन्हा वास येऊ लागतो. यंदा डावा कानही आतून लाल दिसतो आहे. घरातील वडीलधारी मंडळी लसूण घालून कढवलेले कोमट तेल कानात सोडायला सांगत आहेत आणि गेल्या वर्षीच्या थेंबांची अर्धी बाटलीही कपाटात शिल्लक आहे. या दोन्हींपैकी काय घालावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की, सध्या दोन्हींपैकी काहीही घालू नये. कानात नेमके काय आहे हे पाहिल्यावाचून औषध घालत राहिल्यामुळेच हा आजार वर्षानुवर्षे रेंगाळतो. कान एखाद्याच वेळी दुखावला असेल तर कारण साधे असू शकते. परंतु तो दर पावसाळ्यात वाहत असेल आणि आता दुसराही कान लाल होऊ लागला असेल, तर मूळ बिघाड कानाबाहेर, बहुधा त्वचेच्या ॲलर्जीत आहे, असे धरून तपासणी करावी लागते.

आधी कानाची रचना समजून घेऊ, कारण पुढच्या बहुतेक गोष्टी तिच्यावरच अवलंबून आहेत. माणसाच्या कानाची नळी आखूड आणि बरीचशी सरळ असते. कुत्र्याची नळी आधी सरळ खाली उतरते, मग जवळपास काटकोनात आत वळते आणि त्यानंतर कानाचा पडदा येतो. कानाची पाळी उचलून आपण जे पाहतो तो फक्त या नळीचा वरचा भाग असतो. वळणापलीकडचे काहीही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. नळीला आतून त्वचेचेच अस्तर असते, त्यात मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, आणि निरोगी कानात हे अस्तर हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत राहून मळ आपोआप वर आणत असते. सूज आली की ही क्रिया मंदावते, नळी अरुंद होते, आत ऊब आणि ओल साठते, आणि एरवी त्वचेवर अल्प प्रमाणात निरुपद्रवी राहणारे जंतू तेथे भराभर वाढतात. लॅब्रॅडॉर, कॉकर स्पॅनियल यांसारख्या लोंबत्या कानांच्या जातींमध्ये हवा कमी खेळत असल्यामुळे हे अधिक लवकर घडते, तर शिह त्झू आणि पूडल यांच्या नळीतील केस त्यात भर घालतात. मात्र लोंबता कान आजाराला केवळ जागा करून देतो. तसे नसते तर प्रत्येक लॅब्रॅडॉरचा कान वाहिला असता.

सुरुवातीची लक्षणे बारीक असतात आणि ती घरच्यांनाच प्रथम दिसू शकतात. कुत्रा वरचेवर डोके झाडतो, जमिनीवर किंवा सोफ्याच्या कडेवर कान घासतो, मागच्या पायाने कानामागे खाजवतो, गळ्यात पट्टा घालताना मान काढून घेतो. एरवी लाड करून घेणारा कुत्रा कानाला हात लावताच गुरगुरला, तर त्याला हट्टी म्हणून रागावू नये; त्याचा कान दुखत असण्याची शक्यता बरीच असते. निरोगी कानाची आतली बाजू फिकट गुलाबी असते, थोडासा फिकट तपकिरी मळ चालतो, पण उग्र वास कधीच नसतो. आठवड्यातून एकदा उजेडात पाळी उलटून पाहणे आणि जवळून वास घेणे एवढे केले, तरी बहुतेक कान आजाराच्या पहिल्याच टप्प्यावर लक्षात येतात.

स्रावाच्या रंगावरून काही अंदाज करता येतो. तपकिरी, तेलकट आणि आंबूस वासाचा स्राव बहुधा मॅलेसेझिया या यीस्ट प्रकारच्या बुरशीचा असतो. पिवळसर पू बहुतेकदा स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंमुळे येतो. हिरवट, बुळबुळीत, सडका वास येणारा स्राव आणि त्याबरोबर हात लावू न देण्याइतकी वेदना असेल, तर स्यूडोमोनास या चिवट जिवाणूची शंका घ्यावी लागते, आणि त्यात अनेकदा नळीच्या आत व्रणही झालेले असतात. तरीही हा केवळ अंदाज आहे. कापसाच्या बोळ्यावर घेतलेला नमुना काचपट्टीवर फिरवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी आहे, गोल जिवाणू आहेत की दांड्यासारखे, हे काही मिनिटांत स्पष्ट होते. या तपासणीला खर्च फारसा येत नाही आणि ती पहिल्याच भेटीत करता येते, म्हणून वाहत्या कानाच्या बाबतीत श्वानपालकांनी तिचा आग्रह धरावा, असे मला मनापासून वाटते. दांड्यासारखे जिवाणू दिसले किंवा आधीच्या औषधांना दाद मिळाली नसेल, तर नमुना कल्चरसाठी, म्हणजे त्यातील जंतू वाढवून पाहण्यासाठी, प्रयोगशाळेत पाठवून कोणते प्रतिजैविक लागू पडते हे ठरवणे आवश्यक असते.

आता ‘थेंबांनी बरा होतो आणि पुन्हा उलटतो’ हे का घडते ते पाहू. कानाच्या बहुतेक थेंबांमध्ये प्रतिजैविक, बुरशीनाशक आणि स्टेरॉइड अशी तीन औषधे एकत्र असतात. यांतील स्टेरॉइडमुळे सूज आणि खाज दोन-तीन दिवसांतच उतरते, कुत्रा शांत होतो, वासही कमी होतो, आणि घरच्यांना वाटते की काम झाले. प्रत्यक्षात वळणापलीकडच्या भागातील जंतू अजून शिल्लक असतात. थेंब बंद होताच ते पुन्हा वाढतात, आणि अर्धवट औषधाला तोंड देऊन टिकलेले जिवाणू पुढच्या वेळी त्याच औषधाला जुमानत नाहीत. म्हणूनच उपचार सामान्यतः दोन ते चार आठवडे चालतो आणि तो कधी थांबवायचा हे वासावरून नव्हे, तर दुसऱ्यांदा घेतलेल्या नमुन्यावरून ठरवायचे असते.

गेल्या वर्षीची बाटली वापरू नये, याचे दुसरे आणि अधिक गंभीर कारण कानाच्या पडद्याचे आहे. दीर्घकाळ वाहणाऱ्या कानात पडदा फाटलेला असू शकतो, आणि तशा स्थितीत जेंटामायसिनसारखे प्रतिजैविक किंवा क्लोरहेक्सिडिनसारखे जंतुनाशक आतल्या कानापर्यंत पोहोचले तर बहिरेपण येऊ शकते, शरीराचा तोलही जाऊ शकतो. पडदा शाबूत आहे का हे ऑटोस्कोपने, म्हणजे कानाच्या आत पाहण्याच्या उपकरणाने, पाहावे लागते, आणि नळी पुवाने भरलेली किंवा सुजून बंद झालेली असेल तर आधी काही दिवस सूज उतरवणारे औषध देऊन, नाहीतर भूल देऊन नळी धुऊनच ते पाहता येते. तेलाचेही तसेच आहे. ते वळणापाशी साठून राहते, मळ आणि पू धरून ठेवते, तपासणीच्या वेळी पडदा दिसू देत नाही; गरम असेल तर आतली नाजूक त्वचा भाजते आणि लसणाचा अर्क तिची आग करतो. वडीलधाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, त्यामुळे नकार देताना त्यांना हे कारण समजावून सांगावे. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट आणि व्हिनेगरही सुजलेल्या कानात घालू नये.

मूळ कारणाकडे वळू. वारंवार दोन्ही कान बिघडणाऱ्या तरुण कुत्र्यात सर्वांत आधी ॲलर्जीचा विचार करावा लागतो. धुळीतील सूक्ष्म कीटक, बुरशीचे बीजाणू, परागकण यांना होणारी त्वचेची ॲलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते, आणि लॅब्रॅडॉर ही अशा ॲलर्जीकडे कल असलेली जात आहे. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर घरे दमट असतात, भिंतींना ओल येते, अंथरुणे वाळत नाहीत; त्या काळात बुरशी आणि धुळीतील कीटक दोन्ही वाढतात, त्यामुळे दर पावसाळ्यात कान उलटणे या चित्रात नेमके बसते. अशा कुत्र्याचे पाय पाहावेत. तो पंजे सतत चाटत असेल, बोटांमधील पांढरे किंवा फिकट केस लाळेने तांबूस झाले असतील, काखा, जांघा आणि पोटाची त्वचा लालसर असेल, तर कान आणि पाय एकाच कारणाने बिघडले आहेत, असे समजून पुढे जाता येते. काही कुत्र्यांमध्ये इतर काहीही न होता केवळ कानच लाल होतात, तेव्हा पाय स्वच्छ दिसले म्हणून ॲलर्जीची शक्यता सोडून देऊ नये.

त्रास पावसाळ्यापुरता न राहता वर्षभर चालू असेल, तर अन्नाच्या ॲलर्जीचीही चाचणी करावी लागते. यासाठी रक्ततपासणी भरवशाची नाही. कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनावर आधारित किंवा पशुवैद्यांनी सुचवलेला खास आहार किमान आठ आठवडे देणे हाच खात्रीचा मार्ग आहे. ‘नवा आहार’ म्हणजे महागडा आहार असे मुळीच नाही. नेहमी चिकन-भात खाणाऱ्या कुत्र्याला दुसऱ्या कंपनीचे चिकनचे खाद्य दिले तर चाचणीचा काहीच उपयोग होत नाही. आपल्याकडे ही चाचणी फसते ती घरातील प्रेमामुळे. रविवारच्या मटणाचे हाड, आजोबांच्या चहाबरोबरचे बिस्किट, दुधात कुस्करलेली भाकरी यांतील एखादी गोष्ट मधेच पोटात गेली की तोपर्यंतचे आठवडे वाया जातात. म्हणून चाचणी सुरू करण्याआधी घरातील सर्वांना, कामाला येणाऱ्या मावशींना आणि शेजारच्या मुलांनाही सांगून ठेवावे. लक्षणे कमी झाल्यावर जुना आहार पुन्हा देऊन ती परत येतात का, हेही पाहावे लागते. तेवढे केल्यावरच निदान पक्के होते. वातावरणातील ॲलर्जी ठरली तर तिच्यासाठी ऑक्लॅसिटिनिबसारख्या खाज थांबवणाऱ्या गोळ्या, मोजून दिलेले स्टेरॉइड किंवा इतर उपचार उपलब्ध आहेत, परंतु ते आयुष्यभर सांभाळण्याचे दुखणे आहे, याची मनाची तयारी ठेवावी. मध्यमवयीन कुत्रा सुस्त झाला, कमी खाऊनही जाड होऊ लागला, केस विरळ झाले आणि त्यातच कान उलटू लागले, तर थायरॉइडची तपासणी करावी.

कान धुण्याची रीत पशुवैद्यांकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घेणे उत्तम. कुत्र्यांच्या कानासाठी मिळणारे स्वच्छक द्रव्य बाटली हातात धरून थोडे कोमट करावे, पाळी वर धरून नळी भरेल इतके सोडावे, आणि कानाच्या मुळाशी जी कडक नळी हाताला लागते ती अर्धा-एक मिनिट हलक्या हाताने चोळावी. आत द्रव्य खळखळल्याचा आवाज येतो. मग कुत्र्याला डोके झाडू द्यावे. त्या झटक्याने आतला मळ वर येतो, आणि तो बोटाला गुंडाळलेल्या कापसाने, बोट सहज जाईल तेवढ्याच खोलीपर्यंत टिपून घ्यावा. इअर बड वापरू नये, कारण त्याने मळ वळणापलीकडे दाबला जातो. औषधाचे थेंब घालायचे असतील तर धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि सांगितलेली मात्रा पूर्ण घालावी. मोठ्या कुत्र्याच्या नळीत दोन थेंब पडद्याजवळ पोहोचतच नाहीत. ज्याचा कान निरोगी आहे आणि जो कधी आजारी पडलेला नाही, त्याचा कान उगाच धुऊ नये, आणि निरोगी कानातील केसही दर महिन्याला उपटू नयेत, कारण त्यानेच आतली त्वचा दुखावते. कान दुखत असेल तर शांत स्वभावाचा कुत्राही चावू शकतो. एकाने डोके धरावे, दुसऱ्याने औषध घालावे, आणि शंका असेल तर जाळीचे मुसके बांधावे.

पोहण्याविषयी थोडेसे. पंचगंगेच्या घाटावर, शेतातल्या विहिरीत किंवा तळ्यात लॅब्रॅडॉरला सोडण्याची हौस मी जाणतो, आणि निरोगी कुत्र्याला ते मना करण्याचे कारण नाही. परत आल्यावर पाळ्यांची आतली बाजू कोरडी करावी आणि कान सुकवणारे द्रव्य वापरावे. उपचार चालू असेपर्यंत मात्र पोहणे पूर्ण बंद, आणि आंघोळ घालतानाही कानात पाणी जाणार नाही याची काळजी घ्यावी.

या प्रश्नातील कुत्र्याला लागू नसली तरी वाचकांच्या उपयोगाची आणखी काही कारणे आहेत. पिल्लाच्या कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा कोरडा, काळपट मळ आणि भयंकर खाज असेल, तर ओटोडेक्टिस नावाचे कानातील सूक्ष्म कीटक असण्याची शक्यता असते. ते घरातील इतर कुत्र्या-मांजरांत पसरतात, त्यामुळे सर्वांना एकाच वेळी औषध द्यावे लागते. यासाठी गाईम्हशींकरिता आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने टोचण्याची पद्धत शेतावर दिसते, ती घातक आहे. कॉली आणि तिच्याशी नाते असलेल्या काही जातींमध्ये जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोहोचते आणि कुत्रा दगावू शकतो. याहून सुरक्षित औषधे मानेवर सोडण्याच्या थेंबांच्या आणि चघळण्याच्या गोळ्यांच्या स्वरूपात मिळतात.

पावसाळा संपता संपता, गवत वाळू लागले की पन्हाळ्याच्या किंवा राधानगरीच्या बाजूला माळावर फिरून आलेला कुत्रा अचानक एकच कान खाली पाडून जिवाच्या आकांताने डोके झाडू लागला, तर कानात कुसळ गेले आहे असे समजावे. कुसळाची रचना पुढेच सरकण्याची असते, ते आपोआप बाहेर येत नाही आणि पडदा भेदू शकते. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे नेऊन चिमट्याने काढून घ्यावे.

गोचीड पाळीच्या घड्यांमध्ये आणि नळीच्या तोंडाशी हमखास सापडतात. हातमोजे घालून, चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ ओढून काढावेत. त्यांच्यावर रॉकेल ओतू नये किंवा काडीने चटका देऊ नये. त्यानंतरच्या दिवसांत ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त असे काही दिसले तर गोचीड तापाची रक्ततपासणी तातडीने करावी. गोठ्याजवळ राहणाऱ्या, विशेषतः उभ्या कानांच्या कुत्र्यांना चावऱ्या माश्या कानाच्या टोकांवर चावून जखमा करतात. या माश्या शेण आणि कुजका चारा मिसळलेल्या ओल्या ढिगात वाढतात, म्हणून मलमाइतकीच उकिरड्याची स्वच्छता महत्त्वाची. अशा जखमेवर दुसऱ्या जातीच्या माश्यांनी अंडी घातली की दिवसभरातच अळ्या होतात आणि त्या जिवंत मांस पोखरतात. वास, रक्तमिश्रित पाणी आणि जखमेतील हालचाल दिसली तर टर्पेंटाइन, फिनेल, चुना, तंबाखू यांपैकी काहीही कानात न घालता कुत्र्याला लगेच दवाखान्यात न्यावे. गुंगी देऊन अळ्या काढणे आणि त्यांवरचे औषध देणे हे वेदनारहित आणि पुरेसे होते.

सतत डोके झाडल्याने पाळीतील रक्तवाहिनी फुटून पाळी एकाएकी फुगते, तिला हाताने दाबल्यास आत द्रव लागतो. घरी सुई टोचून हे रक्त काढू नये. ते पुन्हा भरते, आणि संसर्ग झाला तर पाळी कायमची आक्रसते. पशुवैद्य रक्त काढून गरजेप्रमाणे टाके किंवा औषध देतात, परंतु ज्या खाजेमुळे कुत्रा डोके झाडत होता तिचा उपचार झाला नाही, तर हे सारे पुन्हा घडते.

काही लक्षणे दिसल्यावर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मान एका बाजूला कलणे, चालताना तोल जाणे, एकाच दिशेने गोल फिरणे, बुबुळे आपोआप हलत राहणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, जांभई देताना किंवा चावताना ओरडणे या गोष्टी संसर्ग मधल्या किंवा आतल्या कानात गेल्याची सूचना देतात. कुत्र्याला रेबीजची लस झालेली नसेल आणि त्याच्या वागण्यात अचानक बदल, जबडा लोंबणे किंवा गिळता न येणे असे काही असेल, तर तोंडात किंवा कानात हात घालण्याचे धाडस कोणीही करू नये.

वर्षानुवर्षे सुजत राहिलेल्या नळीचे अस्तर जाड होत जाते, कूर्चेत चुना साठून ती कडक होते आणि मग कोणतेही थेंब आत पोहोचत नाहीत. अशा अवस्थेत संपूर्ण कर्णनलिका शस्त्रक्रियेने काढून टाकणे हाच वेदनामुक्तीचा मार्ग उरतो. ती मोठी आणि कौशल्याची शस्त्रक्रिया आहे, तिच्यात चेहऱ्याच्या नसेला धोका असतो आणि ऐकणे बरेचसे जाते. तरी त्या टप्प्यावरील कुत्रे नंतर खरोखर सुखाने राहतात. बावड्याचा हा लॅब्रॅडॉर त्या टप्प्यापासून पुष्कळ दूर आहे, आणि त्याला दूरच ठेवता येईल.

त्यासाठी येत्या दोन-तीन दिवसांत त्याला तपासणीला न्यावे आणि त्याआधी कान धुऊ नयेत, म्हणजे नमुना नीट मिळेल. आतापर्यंत वापरलेल्या सर्व बाटल्या किंवा त्यांचे फोटो बरोबर न्यावेत. दोन्ही कानांचे नमुने वेगवेगळे घ्यायला सांगावेत, कारण एका कानात बुरशी आणि दुसऱ्यात जिवाणू असणे शक्य आहे. पडदा दिसला का, हे स्पष्ट विचारावे, आणि पायांची, पोटाची त्वचाही दाखवावी. दुसरी तपासणी साधारण दोन आठवड्यांनी ठरवून यावी आणि कुत्रा अगदी बरा दिसत असला तरी ती चुकवू नये. नमुना स्वच्छ आल्यावर आठवड्यातून एकदा किंवा पंधरवड्यातून एकदा धुण्याचा क्रम पशुवैद्यांच्या सल्ल्याने चालू ठेवावा, त्याचे अंथरुण दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावे. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, कान वाहू लागण्याआधीच, एकदा दाखवून आणावे. खाजेवरील औषध पाऊस सुरू होण्यापूर्वी द्यायचे की लक्षणे दिसू लागल्यावर, हे त्या भेटीत ठरवता येईल.